सातवा खण

१

टिपणीस टंकलेखन संस्थेत शिकायला येणाऱ्या माणसांबद्दल विद्युल्लताबाईंचं मत एकदा बनलं ते बनलं, आणि ते काही चांगलं नव्हतं. मान वर करून बघावं असं एकही तोंड गेल्या अकरा वर्षांत या जिन्याने वर आलेलं नाही, असं त्या बिनदिक्कत सांगत. म्हणून त्या बघतच नसत. दाराशी टेबल, टेबलावर तपासायच्या कागदांचा गठ्ठा, हातात लाल पेन. जिन्यावर चपला वाजल्या की बाई कागदावरची नजर न हलवता विचारत, "नंबर?" समोरून चार, नऊ, अकरा असा जो आकडा येई, तेच त्या माणसाचं नाव.

जागा भिवंडीतली. खाली कापड विणणारे चोवीस लूम, वर पहिल्या मजल्यावर संस्था. सकाळी सातला लूम सुरू झाले की फरशी थरथरायला लागे आणि टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात बारीक लाटा उठत. नव्या माणसाला वाटे, इथे शिकायचं कसं? बाई म्हणत, ज्याला शिकायचंय त्याला ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येतं त्याने खाली जाऊन लूम चालवावा.

गेल्या परीक्षेत एका दिवट्याने शेजारच्या कंप्युटरमधली पत्राची फाइल परस्पर उघडून आपल्या नावावर छापली होती. दोन्ही पत्रांत एकच चूक, एकाच ओळीत. परीक्षा मंडळाची नोटीस आली. पुन्हा असं घडलं तर मान्यता रद्द, म्हणजे बाईंच्या वडिलांनी काढलेल्या संस्थेला कुलूप. नोटीस वाचून बाईंना भीती कमी वाटली आणि संताप जास्त आला. आपल्या वडिलांची अब्रू या असल्या लोकांच्या बोटांवर टांगलेली आहे, याचा तो संताप होता.

त्यांनी राहनाळच्या दीपेशला बोलावलं. गोदामांतून कॅमेरे आणि नेट बसवणारा, तिशी ओलांडलेला माणूस. त्याने एक नवीन खोकं भिंतीवर ठोकलं, बारा वायरी त्यात खोचल्या आणि हात पुसत म्हणाला, "झाला मॅडम. लाइन एकच. बाराच्या बारांना नेट भेटंल. पन याला त्यो दिसाचा न्हाय आनि त्याला यो दिसाचा न्हाय. प्रिंटर पन दिसाचा न्हाय कुनाला. फाइल पेन ड्राइव्हवर आनून तुमच्याकडं द्यावी लागंल."

"देतील. म्हणजे आता कुणाला शेजारीच नाही म्हण."

"शेजारी हाय, मॅडम. शेजारी असतोच. फक्त दिसत न्हाय."

वायरी ओढणाऱ्याने वायरी ओढाव्यात, असं बाई मनात म्हणाल्या आणि त्याला वाटेला लावलं.

पण ती व्यवस्था त्यांना मनापासून आवडली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी सुताराला बोलावून कंप्युटरांच्या मध्ये प्लायवूडचे उंच आडोसे घातले. लांब भिंतीला लागून एका रांगेत बारा खण झाले. बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे, दोन्ही बाजूंना प्लाय, आणि प्लाय इतका पुढे आलेला की टेबलावरून पाहिलं तर पहिल्या आडोशाच्या कडेपलीकडे काहीच दिसू नये. बाईंना दिसण्याची गरजही नव्हती. त्यांना कानांनी कळायचं.

शिकवण्याची पद्धत वडिलांचीच, बाईंनी ती जरा आणखी आवळली होती. कळांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि पडद्यावर खालच्या लूमवरून आणलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा टाकलेला. नजर फक्त उताऱ्यावर. बोटांनी काय टाइप केलं ते शिकणाऱ्याला कळायचं नाही. ते बाईंना कळायचं, कागद छापल्यावर.

२

मंगळवारी बाई सात नंबरचा कागद तपासत होत्या.

सात म्हणजे क्षितिजा तरे, अंजूरची. तिचे वडील रामनाथ तरे सरकारी कचेरीत शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपेवर हिला कारकून म्हणून घेतलं, पण दोन वर्षांत टंकलेखनाचं प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर नोकरी गेली, अशी अट होती. दोनदा ती नापास झाली होती. दोन वर्षं येत्या महिन्यात संपत होती, म्हणजे ही परीक्षा शेवटची. घरात आई आणि शाळेत जाणारी दोन भावंडं. हे सगळं बाईंना अर्जावरून माहीत होतं. बापाच्या माघारी आयती खुर्ची मिळाली, त्या खुर्चीत बसायची अक्कल मात्र वाटायची राहिली, असं त्यांचं यावर म्हणणं.

उतारा दूध संकलनाबद्दलचा होता, सात मिनिटांचा. 'संकलन केंद्रांनी दुधाच्या' इथवर ठीक होतं, आणि मग लिहिलं होतं:

माझ्या शेजारी कोण बसले आहे

आणि पुढे 'तापमानाची नोंद ठेवावी', जणू मध्ये काही झालंच नाही.

बाईंनी लाल पेनाने ते पाच शब्द कापले. पाच शब्द जादा, पाच चुका. शिवाय प्रश्नचिन्ह नाही, म्हणून आणखी एक. अंजूरच्या मुलीला दुधाच्या परिपत्रकात शेजाऱ्यांची चौकशी करावीशी वाटली, यात त्यांना नवल वाटलं नाही. गावात दुसरा उद्योग तरी काय असतो?

त्यांनी आठ नंबरचा कागद ओढला. 'संकलन केंद्रांनी दुधाच्या माझ्या शेजारी कोण बसले आहे तापमानाची.'

नऊ. तेच. दहा, अकरा, बारा, तेच. मग एकपासून सहापर्यंत. बाराही कागदांवर, चौथ्या मिनिटाला जिथे हात पोचतो तिथे, तेच पाच शब्द आणि एकाही कागदावर प्रश्नचिन्ह नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खाली लूम धडधडत होते, पेल्यातलं पाणी थरथरत होतं. 'कॉपी,' त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि तो शब्द उच्चारल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

३

दीपेशने पुन्हा येऊन प्रत्येक कंप्युटरवर बसून पाहिलं. एकावरून दुसरा दिसतो का, फाइल जाते का, निरोप जातो का. काहीच जात नव्हतं. "बाराचे बारा एकटे हायत," तो म्हणाला. "नेटवरून कोन पाठवत असंल म्हनाल तर तसं पन काय न्हाय."

"मग हे काय आपोआप उगवलं?"

दीपेशने कागद हातात घेतले. चार-पाच वाचले आणि परत टेबलावर ठेवले, नीट, कडा जुळवून. "मशीनमंदी काय न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "मी म्हनतो दोन दिस क्लास बंद ठेवा."

"का? मशीनमध्ये काही नाही ना?"

"म्हनूनच."

बाई हसल्या. ज्याला कारण सापडत नाही तो माणूस हमखास असा गूढ चेहरा करतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. चेहरा अर्थात त्यांनी आताही पाहिला नाही, पण आवाजावरून तो तसाच असणार.

कारण त्यांना स्वतःला सापडलेलं होतं. बारा जणांनी ठरवून ही थट्टा केली. उतारा आधी फुटला, आणि चौथ्या मिनिटाला काय घालायचं ते पाठ केलं. एवढं एकमत या मंडळींत लग्नाच्या जेवणावरही होत नसेल, असं मनात आलं, पण ते त्यांनी बाजूला सारलं.

त्या रात्री त्यांनी वडिलांच्या जुन्या पुस्तकांतून बारा वेगवेगळे उतारे काढले आणि पाकिटांत घालून चिकटवले. बुधवारी प्रत्येकाला वेगळं पाकीट दिलं. कुणाला मधमाशीपालन, कुणाला पोस्टाची बचत, कुणाला बंदराचा इतिहास. संध्याकाळी बाराही पेन ड्राइव्ह टेबलावर जमा झाले. बाईंनी ते एकेक करून छापले.

मधमाशीपालनात होतं. बचतीत होतं. बंदराच्या इतिहासात तर एक शब्द मधोमध तोडून ते पाच शब्द घुसले होते आणि मग शब्दाचा उरलेला अर्धा भाग आला होता. बाईंनी अक्षरं मोजली. बाराही कागदांवर सुरुवातीपासून मोजलं तर जागा एकच.

नाही, एक फरक होता. सात नंबरच्या कागदावर ते वाक्य एक शब्द आधी सुरू झालं होतं.

बाईंच्या जिवात जीव आला. कुणीतरी पहिलं आहे म्हणजे कुणीतरी सूत्रधार आहे, आणि सूत्रधार असला की भीतीचं काही कारण उरत नाही.

४

गुरुवारी त्यांनी क्षितिजाला थांबवून घेतलं. ती टेबलासमोर उभी राहिली. बाईंनी तिचा कागद पुढे सरकवला आणि नजर त्यावरच ठेवली.

"हे काय आहे?"

क्षितिजाने बराच वेळ वाचलं. "मॅडम, हे मी न्हाय टाइप केलं."

"मग तुझ्या बोटांनी केलं का?"

"मला काय म्हायत बोटांनी काय केलं? मी उताऱ्याकडं बघत होते. पडद्यावर तुम्हीच फडकं टाकता."

"जीभ चांगली चालते. तेवढी बोटं चालली असती तर दोनदा नापास झाली नसतीस."

क्षितिजाने कागद परत टेबलावर ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? रागवू नका. माझ्या बाजूला, आठव्या खनात, कोनीतरी माझ्याच बरोबर टाइप करतं. मी थांबले का थांबतं. मी मुद्दाम हळू केलं तर त्ये पन हळू करतं. मी वाकून बघायला गेले तर तुम्ही इथून ओरडलात."

"आठव्या खणात आठ नंबर बसतो. देवेश का कोण तो. त्याला टाइपच करायचं असतं."

"त्यो तर सोमवारपासून आलाच न्हाय. कावीळ झालीय त्याला. घराजवळच राहतो आमच्या."

बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं. आठ नंबरसमोर सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस सही होती, आजचीसुद्धा. त्याचे कागदही त्यांनी स्वतः तपासले होते. पेन ड्राइव्ह आणून देणारा तो माणूस कसा दिसतो, हे मात्र त्यांना आठवेना. आठवायला आधी बघावं लागतं. तरी त्यांनी पुस्तक फाडकन मिटलं.

"थापा मारताना हजेरी तरी बघायचीस," त्या म्हणाल्या. "हे बघ, सात. तुझं हॉल तिकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिथेच राहील. उद्या शुक्रवार, लूम बंद. दुपारी दोनला एकटी यायचं. सातवर बसायचं, उतारा टाइप करायचा आणि मग कबुलीजबाब टाइप करायचा, की हा चावटपणा मी केला आणि बाकीच्यांना मी फितवलं. कबूल केलंस तर मी मंडळाला दया दाखवा म्हणून लिहीन. नाही केलंस तर नुसतीच तक्रार जाईल. पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचाय मला."

"मॅडम, हॉल तिकीट न्हाय भेटलं तर नोकरी जाईल माझी. घरात दुसरं कोन कमावत न्हाय हो."

"ते कॉपी करण्याआधी सुचायला हवं होतं."

तिचा श्वास बाईंना ऐकू येत होता. मग चपला जिन्याकडे गेल्या. बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं, आणि आठव्या खणाकडे न जाता, बाहेरच्या बाजूने वळसा घालून पाणी प्यायला गेल्या. वळसा का घातला, याचा विचार त्यांनी केला नाही.

५

शुक्रवारी लूम बंद असले की ती इमारत ओळखू येत नसे. फरशी स्वस्थ, पेल्यातलं पाणी स्वस्थ. पंख्याची कुरकुर, रस्त्यावरचा एखादा हॉर्न, बस्स. बाई दीडलाच आल्या. एकेका खणात जाऊन त्यांनी अकरा कंप्युटरांचे प्लग भिंतीतून काढले आणि वायरी वर टाकल्या. आठव्या खणात त्या जरा जास्त वेळ थांबल्या. खुर्ची, कीबोर्ड, कापडाचा तुकडा. खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, ती त्यांनी आत ढकलली. मग फक्त सातवा चालू ठेवून, उतारा स्टँडवर लावून त्या टेबलाशी येऊन बसल्या आणि अहवाल लिहायला घेतला.

बरोबर दोन वाजता दाराशी चपला वाजल्या.

"आलीस? वेळेवर यायला तुला धाक लागतो म्हणजे. बस सातवर. आधी उतारा."

उत्तर आलं नाही. घुश्श्यात असणार. पावलं टेबलाजवळून खणांच्या रांगेकडे गेली, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि टाइपिंग सुरू झालं.

बाई लिहिता लिहिता ऐकू लागल्या. पहिलंच मिनिट आणि एकही बोट अडखळलं नाही. स्पेसच्या कळेचा तो जरा जाड आवाज ठरावीक अंतराने येत होता. तीस शब्दांची गती. मग चाळीस. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोजलं, पंचावन्न. म्हणजे येत होतं कार्टीला, आणि वर्षभर नापासाचं सोंग काढून बसली होती. दुसरी एक शंका होती, की असं कुणालाच येत नाही, या संस्थेत आजवर फक्त वडिलांना आणि स्वतः बाईंना येतं. पण ती शंका बाईंच्या तिरस्कारापुढे टिकली नाही.

सात मिनिटं झाली, आठ झाली. टाइपिंग थांबेना.

"पुरे," बाई ओरडल्या. "आता कबुलीजबाब. स्वच्छ लिही. मंडळाला जायचंय."

टाइपिंगमध्ये क्षणाचाही खंड पडला नाही. त्याच लयीत ते चालत राहिलं, दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. एवढं काय कबूल करतेय? बाईंनी अहवालाचा शेवटचा परिच्छेद दुरुस्त करायला घेतला, आणि त्यात त्या इतक्या गुंतल्या की टेबलाच्या कडेशी कुणी आल्याचं त्यांना तेव्हाच कळलं, जेव्हा पेन ड्राइव्ह धरलेला हात कागदावर आला.

नखं छान कापलेली होती. बाई सगळ्यांना नखांवरून बोलायच्या, तेवढं तरी ऐकलं म्हणायचं.

"ठेव. आणि जाऊन बस जागेवर, मी सांगेपर्यंत."

हात मागे गेला. बाईंनी फाइल उघडली. 'मी, क्षितिजा रामनाथ तरे, राहणार अंजूर, कबूल करते की...' अर्धं पान, सुबक समास आणि ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा एक चूक नाही. लाल पेन हातात घेऊन बाईंनी ते दोनदा वाचलं. चूक सापडत नाही म्हणून त्यांना किंचित अपमानच वाटला. मग त्यांनी कबुलीजबाब अहवालाला जोडला आणि मंडळाच्या साइटवर पाठवून दिला. पडद्यावर अक्षरं आली: नोंद झाली. यापुढे बदल करता येणार नाही.

तीन चाळीस झाले होते. सातव्या खणात टाइपिंग चालूच होतं.

६

फोन वाजला.

"मॅडम, मी क्षितिजा." मागे हॉर्नचा गदारोळ होता. "मॅडम, रागवू नका. अंजूरफाट्यावर कंटेनर आडवा झालाय, दोन तास रिक्षात अडकलेय. तुमचा फोन लागतच नव्हता. आता उतरून चालत निघालेय, पंधरा मिनिटांत पोचते. पाच वाजले न्हायत ना अजून?"

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दुसऱ्या कानात सातव्या खणातलं टाइपिंग येत होतं. पंचावन्न शब्दांची गती, स्पेसचा जाड आवाज.

"मॅडम? ऐकू येतंय का?"

बाईंची बुद्धी भराभर कामाला लागली. तीच तर त्यांची शिदोरी होती. दुसरी कुणी मुलगी आली असेल. सातच्या जागी दुसराच कुणी. खालचा चौकीदार लडकू याने कुणालाही वर सोडलं असेल, त्याला तरी कुठे अक्कल आहे? मग कबुलीजबाबात रामनाथ तरे हे नाव कुणी लिहिलं? ठीक आहे, मैत्रीण असेल, दोघींचा कट असेल. पेन ड्राइव्ह मैत्रिणीने आणून दिला, तिची नखं कापलेली होती, ती परत जाऊन जागेवर बसली आणि...

इथे त्यांची बुद्धी थांबली.

तो हात कागदावर आला तेव्हाही टाइपिंग चालू होतं. एकदाही थांबलं नव्हतं. दोन्ही हातांचं, दहा बोटांचं टाइपिंग तिकडे चालू होतं, तेव्हा तो हात इथे होता.

"येऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"काय मॅडम?"

"तू येऊ नकोस गं. घरी जा. हॉल तिकीट मी उद्या अंजूरला आणून देते. स्वतः आणून देते. तू इथे येऊ नकोस."

पलीकडे हॉर्न वाजत राहिले. मग क्षितिजाचा आवाज आला, आणि तो रडवेला नव्हता, कडक होता. "येवढं तोंड पन बघायचं न्हाय का तुम्हाला माझं? मी येतेच, मॅडम." फोन बंद झाला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा बाई कुणाशी मायेने बोलल्या होत्या आणि समोरच्या माणसाला त्यात नेहमीचा तुच्छपणाच ऐकू आला होता. त्यांना स्वतःची शरम वाटली. ती इतकी अनोळखी गोष्ट होती की काही क्षण भीतीसुद्धा मागे पडली.

त्यांनी परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग त्या उठल्या, दाराशेजारच्या मेन स्विचपाशी गेल्या आणि तो खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. टेबलावरचा कंप्युटर काळा झाला. खणांच्या रांगेतला सातव्याचा बारीक गुंजारवही विझला.

टाइपिंग चालू राहिलं. आता तर जास्त स्वच्छ ऐकू येत होतं.

दार उघडं होतं. जिना समोर होता. उतरून निघून जाणं अगदी सोपं होतं, आणि बाईंनी एक पायरी उतरलीसुद्धा. पण पोरगी तिकडून गल्लीतून येणार की मागच्या बोळातून, काय नेम? आपण खाली एका बाजूला उभं राहायचं आणि ती दुसऱ्या बाजूने वर येऊन सरळ सातव्या खणात जायची. बाई परत वर आल्या. टेबलाच्या खणातून हॉल तिकीट काढलं आणि ते हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, खणांकडे पाठ करून. वळून बघायचं त्यांना धैर्य झालं नाही.

७

क्षितिजा जिना चढून आली तेव्हा घामाने तिचा कुडता पाठीला चिकटला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रुंद कपाळ, उजव्या भुवईवर लहानपणची खोक, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. चेहरा साधा होता आणि दमलेला होता. हा चेहरा वर्षभर रोज आपल्यासमोर येत होता, हे बाईंना खरंच वाटेना.

"हे घे." त्यांनी हॉल तिकीट तिच्या हातात कोंबलं. "आणि जा खाली. आत्ताच्या आत्ता."

क्षितिजाने तिकिटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आणि अहवाल?"

खोटं बोलायला हवं होतं. बाईंना ते जमलं नाही. "गेला. कबुलीजबाबासकट."

"मी न लिहिताच?"

"मी मंडळात जाईन. सोमवारी स्वतः जाऊन सांगेन की ते तू लिहिलेलं नाही."

"मग कोनी लिहिलं म्हनून सांगाल?"

बाईंच्या पाठीमागे टाइपिंग चाललं होतं. क्षितिजाने मान जराशी कलती करून ते ऐकलं.

"आत कोन हाय?"

"कुणी नाही. तू चल. आपण दोघी खाली जाऊ."

"बसवलंय तुम्ही कोनाला तरी माझ्या जागी. तिच्याकडूनच लिहून घेतलंत ना?" तिचा आवाज चढला. "मला अडाणी समजा, आळशी समजा, सगळं ऐकून घेतलं मी वर्षभर. पन चोर म्हनून न्हाय जायची मी इथून. तुमच्या डोळ्यांसमोर टाइप करून दाखवते, आनि मग जाते."

बाईंनी तिचं मनगट धरलं. "क्षितिजा," त्या म्हणाल्या. "ऐक माझं, बाळ."

नाव ऐकून ती एक क्षण थबकली. वर्षभरात तिला इथे कुणी नावाने हाक मारली नव्हती. पण मग तिने हात सोडवून घेतला, फारसा जोर न लावता, आणि बाईंच्या खांद्याला वळसा घालून आत गेली.

आता बाई वळल्या. वीज नव्हती, तरी खिडक्यांतून दुपारचं भरपूर ऊन आत येत होतं आणि प्लायच्या बारा कडा एकामागे एक उभ्या होत्या. क्षितिजा त्यांच्यासमोरून चालत गेली. तिसरा, चौथा, पाचवा. टाइपिंगची गती तशीच होती.

सातव्या खणापाशी क्षितिजा थांबली आणि आत पाहिलं. ती दचकली नाही, किंचाळली नाही. एसटीत आपल्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं की माणूस बघतो, तसं तिने जरा वैतागून पाहिलं.

"ताई, उठा ना जरा," ती म्हणाली. "ती माझी जागा हाय."

टाइपिंग थांबलं, आणि आतली खुर्ची मागे सरकली.